उन्हाळा, विहीर, वरात आणि आपले कान

एप्रिलचा पहिला पंधरवडा उलटला आणि परीक्षा संपत आल्या, की माझ्या दवाखान्यातील बाकावर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. दहा-बारा वर्षांचा मुलगा, उन्हाने रापलेला, केस अजून ओलसर, एक हात कानावर. शेजारी त्याची आई आणि तिचे पहिले वाक्य, "डॉक्टर, सांगून दमले हो, विहिरीवर जाऊ नको म्हणून." गेली अठ्ठावीस वर्षे मी हे वाक्य ऐकत आलो आहे. मुलगा आठवड्याभरात बरा होतो आणि पुन्हा विहिरीवर जातो. त्याने जाऊ नये असे मला वाटत नाही. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेला मुलगा आयुष्यभर पाण्याला भीत नाही. फक्त कानाची काही पथ्ये त्याला ठाऊक असावीत, एवढेच.

मागच्या आठवड्यात उष्माघाताविषयी लिहिले होते. ऊन म्हटले की आपल्याला डोके, डोळे आणि त्वचा आठवते. कान कोणाला आठवत नाही. वास्तविक आपल्या भागात कानाचे रोगी सर्वांत जास्त दोन वेळा येतात, थंडीत सर्दीमुळे आणि उन्हाळ्यात. उन्हाळ्यातील कारणे मात्र निराळी असतात. पोहणे, घाम, धूळ, सुट्टीतले मुलांचे उद्योग हे एका बाजूला, आणि लग्नसराई व यात्रांचा आवाज दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकाराने कान दुखतो, म्हणून रोगी धावत येतो. दुसऱ्या प्रकारात बहुधा काहीच दुखत नाही, म्हणून तो येतच नाही. मला आज खरे बोलायचे आहे ते या दुसऱ्याविषयी. पण आधी पहिला प्रकार उरकून घेऊ, कारण बाकावर बसलेला मुलगा वाट पाहतो आहे.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण एक इंच लांब असते. तिच्या बाहेरच्या भागात मळ तयार होतो. हा मळ म्हणजे घाण नव्हे. तो किंचित आम्ल आणि तेलकट असतो, पाण्याला आणि जंतूंना अडवतो. नळीची कातडी आतून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, तिच्याबरोबर जुना मळही बाहेर येतो आणि जेवताना जबडा हलतो त्याचीही त्याला मदत होते. म्हणजे निसर्गाने झाडूवाला नेमून ठेवलेला आहे. आपण काडेपेटीची काडी, केसांची पिन, स्कूटरची किल्ली, अलीकडे ती कापूस लावलेली काडी घेऊन त्याच्या कामात लुडबुड करतो, मळ आत ढकलतो आणि कातडीला ओरखडे काढतो. यात्रेत पितळी कानकोरणे घेऊन फिरणाऱ्यांच्या हाती तर कान मुळीच देऊ नये.

आता या कानात रोज तासन् तास विहिरीचे पाणी गेले की काय होते? आत आधीच ढकललेला मळ फुगतो आणि कान एकदम बंद होतो. किंवा ओरखड्यातून जंतू शिरतात, नळी सुजते, आणि कानाची पाळी नुसती ओढली तरी मुलगा किंचाळतो. तिसरा प्रकार बुरशीचा. ओल, उष्णता आणि अंधार हे तिन्ही बुरशीला हवे असते आणि उन्हाळ्यातील ओल्या कानात ते तयारच असते. अशा रोग्याचा कान दुखण्यापेक्षा खाजतो जास्त. आत पाहिले तर ओल्या वर्तमानपत्राचा लगदा कोंबल्यासारखा दिसतो, राखी-पांढरा आणि त्यावर काळे ठिपके. (वर्तमानपत्रात लिहिताना ही उपमा द्यावी की नाही असा प्रश्न पडला, पण वैद्यकाच्या पुस्तकांत तीच आहे.)

बुरशीवर दुकानातून आणलेले कोणतेही थेंब चालत नाहीत. बहुतेक थेंबांत जंतुनाशक आणि स्टेरॉइड असते. त्याने जंतू मरतात, बुरशी मात्र माजते. आधी तो लगदा डॉक्टरांकडून साफ करून घ्यावा लागतो आणि मग बुरशीचे औषध लागते, तेही खाज थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी बंद न करता सांगितलेले दिवस घालायचे असते. मागच्या मुलाच्या उरलेल्या बाटलीतले थेंब धाकट्याला घालणाऱ्या आयांना हे मुद्दाम सांगतो.

आणि तेल! लसणाची पाकळी घालून कढवलेले कोमट तेल आपल्या घराघरांत आहे. माझ्या आजीने माझ्याही कानात ते ओतलेले आहे, त्यामुळे त्याची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही. पण ठणकत्या कानात पडदा फुटलेला आहे की नाही हे आजीला दिसत नाही. फुटलेला असेल तर तेल सरळ आत मधल्या कानात जाते. फुटलेला नसला तरी तेलावर धूळ बसते, ओल टिकते आणि बुरशीची सोय होते. अंदाज चुकून तेल गरम राहिले आणि नळी भाजली असे रोगीही मी पाहिले आहेत. तेलाचा खरा उपयोग एकाच वेळी. उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर झोपलेल्या माणसाच्या कानात किडा शिरतो आणि पडद्यावर फडफडू लागतो, तेव्हा माणूस वेडापिसा होतो. कान पूर्वी कधी फुटलेला नसेल तर अंगाला सोसेल इतपत कोमट खोबरेल तेलाचे काही थेंब सोडावेत. किडा मरतो, फडफड थांबते आणि मग सकाळी शांतपणे डॉक्टरांकडून काढून घेता येतो.

मुलांनी कानात घातलेल्या वस्तूंचा नियम मात्र उलटा. चिंचोका, हरभरा, ज्वारीचा दाणा यावर तेल-पाणी काही घालू नये. दाणा फुगतो आणि घट्ट बसतो. खेळण्यातला किंवा घड्याळातला चपटा सेल असेल तर रात्रीची वेळ असली तरी निघावे. तो काही तासांत आतली कातडी जाळतो.

पोहणाऱ्या मुलासाठी पथ्य सोपे आहे. बाहेर आल्यावर डोके एका बाजूला कलते करून पाळी हलकेच ओढावी म्हणजे पाणी निघून जाते. टॉवेलच्या टोकाने बाहेरचा भाग पुसावा, आत काही घालू नये. कठड्यावरून मुटका मारताना कानावर आडवे पडू नये. पाण्याची थप्पड बसून पडदा फाटलेली दोन-तीन मुले तरी दर मोसमात माझ्याकडे येतात. ज्याचा कान वाहतो किंवा पूर्वी वाहत होता त्याने पोहू नये, आणि अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन चोळून तो बोळा कानाच्या तोंडाशी बसवावा. मधुमेही वृद्धांचा कान रात्री झोप लागू न देण्याइतका ठणकू लागला तर ते साधे दुखणे समजू नये. त्यांच्यात हा दाह हाडापर्यंत पोचू शकतो. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे न्यावे.

इथपर्यंतचे सगळे बरे होणारे आहे. नळीची सूज उतरते, बुरशी जाते, फाटलेला लहानसा पडदासुद्धा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. आता जे भरून येत नाही त्याकडे वळतो.

२०१४ च्या मे महिन्यातील गोष्ट आहे. पंचेचाळिशीचे एक शेतकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सकाळी दवाखान्यात आले. आदल्या रात्री पुतण्याची वरात झाली होती. घरचे कार्य, तेव्हा अण्णा डीजेच्या भिंतीपुढे दोन-अडीच तास नाचले होते. सकाळी उठले तर उजवा कान बंद आणि आत शिटी वाजल्यासारखा आवाज. मी बॅटरी लावून पाहिले, कानात मळ होता. मोसम तोच, तक्रार तीच, मळही समोर दिसत होता. मी मळ मऊ करण्याचे थेंब लिहून दिले आणि म्हटले, "पाच दिवसांनी या, काढून टाकू." घरात अजून एक लग्न होते. अण्णा बारा दिवसांनी आले. मळ काढला. नळी स्वच्छ झाली, पडदा मोत्यासारखा चकचकीत दिसू लागला. मी विचारले, "आता येतंय का ऐकू?" अण्णा म्हणाले, "नाही डॉक्टर, आहे तसंच आहे."

तेव्हा मी कपाटातून तो ध्वनिकाटा काढला, जो पहिल्या दिवशीच काढायला हवा होता. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांकडे पाठवले, श्रवणाचा आलेख निघाला. उजव्या बाजूची नस गेली होती. अचानक येणाऱ्या अशा बहिरेपणावर स्टेरॉइडची औषधे देतात, पण ती पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर त्यांचा सर्वांत जास्त उपयोग असतो. दोन आठवडे उलटल्यावर फारशी आशा राहत नाही. अण्णांना औषधे दिली गेली. कान परत आला नाही.

हे वरातीच्या आवाजानेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अचानक बहिरेपणाचे कारण पुष्कळदा सापडत नाही. काहींचे ऐकणे औषधाशिवायही परत येते. अण्णांचे वेळेवर औषध मिळून परत आले असतेच असेही नाही. पण त्यांना जी संधी मिळायला हवी होती ती माझ्या हातून हुकली. मळ दिसला आणि मी पुढे पाहिले नाही. अण्णांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला ते आता नेहमी अडत्याच्या उजव्या हाताला उभे राहतात, म्हणजे डावा कान त्याच्याकडे होतो. रस्त्यात कोणी उजवीकडून हाक मारली तर ते डावीकडे वळून पाहतात. एकाच कानाने आवाज कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. मोटारसायकल चालवणे त्यांनी सोडले आहे.

म्हणून वाचकांना एक साधी परीक्षा शिकवून ठेवतो. ती घरी करता येते, पैसे लागत नाहीत. आत्ता वाचता वाचता एका कानात बोट घाला, तोंड मिटा आणि 'म्‌ऽऽ' असा हुंकार धरा. हुंकार बोट घातलेल्या कानात मोठा वाटेल. वाटेत अडथळा आला की स्वतःचा आवाज त्याच बाजूला घुमतो. आता समजा तुमचा एक कान अचानक बंद झाला आहे. हुंकार द्या. तो बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ, पाणी किंवा सर्दीचा प्रकार आहे, दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालेल. पण हुंकार चांगल्या कानाकडे गेला तर तो नसेचा मामला समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. "एका कानाने अचानक ऐकू येईना, हुंकार दुसऱ्या बाजूला ऐकू येतो," असे याच शब्दांत सांगा. डॉक्टरांना राग येणार नाही, आणि आला तर येऊ द्या. परीक्षेचा निकाल नीट समजला नाही तरी अचानक बंद झालेला कान त्याच दिवशी दाखवावा. घरी थेंब घालत बसू नये.

आता आवाजाने होणारे रोजचे, सावकाश नुकसान. पडद्याच्या आत, गोगलगाईच्या शंखासारखा एक वेटोळा अवयव असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या डुलतात आणि मेंदूला निरोप जातो. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला की ताटे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात, तसे समजा. वादळ झाले तर काही उभी राहतात, काही मोडतात. शेतकरी पुन्हा पेरू शकतो, माणसाच्या कानात मात्र ही पेरणी जन्मापूर्वी एकदाच होते. वरातीनंतर कान दडे बसल्यासारखा वाटणे, शिटी वाजणे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोकळे होणे, हे आपण हसण्यावारी नेतो. पण ती वाकलेली ताटे असतात, आणि दर वेळी सगळीच उभी राहतात असे नाही.

हिशेब असा आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालवून घेता येतो असे मानतात. त्यात केवळ तीनाची वाढ झाली की आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि सोसण्याचा वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटे. डीजेच्या भिंतीपुढे आवाज सहज शंभराच्या वर असतो, आणि वरात पंधरा मिनिटांत संपल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मोजायचे यंत्र जवळ नसले तरी एक खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ च्या पुढे गेलेला असतो.

नुकसान आधी बारीक, तीक्ष्ण आवाजांचे होते. त्यामुळे माणूस बहिरा झाला असे कोणाला वाटत नाही, त्यालाही नाही. त्याला बोलणे ऐकू येते पण कळत नाही. 'स', 'श', 'त', 'थ', 'फ' ही अक्षरे निसटतात. किराणा दुकानदाराला 'सात' आणि 'आठ' यांत घोटाळा होऊ लागतो आणि तो म्हणतो, हल्लीची पोरे तोंडातल्या तोंडात बोलतात. घरचे म्हणतात, यांचे लक्ष नसते. दोन्ही बाजूंनी चिडचिड सुरू होते आणि पाच-सात वर्षांनी कोणीतरी कानाची तपासणी करून घेते.

करायचे काय? वरातीला जाऊ नका असे मी सांगणार नाही, कोणी ऐकणारही नाही. भिंतीपासून दूर चाला. मोकळ्या जागेत अंतर वाढले की आवाज झपाट्याने उतरतो. अधूनमधून दहा मिनिटे बाजूच्या गल्लीत जाऊन उभे राहा. कानात फोमचे बोळे घाला. ते औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात. बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने पाळी वर ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता कापूस कोंबल्याने फार थोडा आवाज अडतो. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन डीजेपुढे उभे राहणे मात्र कृपा करून टाळा. त्याला तिथून निघून जाता येत नाही आणि कानात काय होते आहे ते सांगताही येत नाही. सुतळी बॉम्बचे तसेच, तो एकच आवाज जवळून पुरेसा असतो.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, असे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात. बंदीत वर्षातील काही ठरावीक दिवसांपुरती सूट मिळते. नियम माहीत असावेत. भावकीतल्या वरातीविरुद्ध पोलिसांत कोण जाणार हा प्रश्न मलाही पडतो, पण सुपारी देतानाच वेळ आणि आवाज ठरवून घेणारी दोन-चार घरे आमच्या गावात निघाली आहेत, आणि त्यांची लग्ने काही अडली नाहीत.

घरातल्या आवाजाकडेही एकदा लक्ष द्यावे. कूलर घरघरतो म्हणून दूरदर्शन संच मोठा होतो, संच मोठा म्हणून बोलणे मोठे होते. सुट्टीत मामाच्या गावाला निघालेली मुले एस.टी.च्या खिडकीशी बसून कानात इअरफोन घालतात, आणि इंजिनाच्या आवाजावर मात करण्यासाठी गाणे पूर्ण मोठे करतात. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये आणि गाडीत तर गाणी नकोतच, इतके त्यांना समजावून सांगता येईल.

सर्वांत जास्त आवाज ज्यांच्या कानात जातो त्यांचा विचार मात्र कोणी करत नाही. ते म्हणजे वाजवणारे. गेल्या वर्षी लग्नसराईच्या सुरुवातीला आमच्या गावच्या बँडमधले क्लॅरिनेट वाजवणारे गृहस्थ कानात शिटी वाजते म्हणून आले. वय अवघे अडतीस. ध्वनिकाट्याने तपासले, तज्ज्ञांकडे पाठवले, आलेखात तीक्ष्ण आवाजांपाशी खड्डा निघालाच. मी त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना बोळ्यांच्या सहा जोड्या दिल्या आणि कसे घालायचे ते दाखवले. महिन्याने ते पुन्हा आले तेव्हा विचारले, तर म्हणाले, "मी घालतो डॉक्टर, ढोलवाला पण घालतो. ताशावाला तयार नाही. म्हणतो, ताल ऐकू येत नाही." मी त्याला एकदा घेऊन या म्हटले आहे. अजून आलेला नाही.